राइट एड बंद झालं. अमेरिकेतली औषधाची दुकानं नक्की कशामुळे बुडताहेत?

रॅरिटनकाठ (१३ ऑक्टोबर २०२५)

या महिन्याच्या सुरुवातीला राइट एडची उरलीसुरली दुकानंही बंद झाली. १९६२ साली पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनमध्ये निघालेली कंपनी. ऑक्टोबर २०२३ मध्ये पहिल्यांदा दिवाळं वाजलं तेव्हा दोन हजारांवर दुकानं होती. कर्ज कमी करून सप्टेंबर २०२४ मध्ये कोर्टातून बाहेर पडली आणि मे २०२५ मध्ये परत आत गेली. तेव्हा बाराशेच्या आसपास उरली होती. आता एकही नाही.

बाकीच्या मोठ्या साखळ्यांचंही फार बरं चाललेलं नाही. वॉलग्रीन्सनं गेल्या वर्षी सांगून टाकलं की तीन वर्षांत बाराशे दुकानं बंद करणार. या ऑगस्टमध्ये सिकॅमोर पार्टनर्स या खासगी गुंतवणूक कंपनीनं ती अख्खी कंपनी विकत घेऊन शेअर बाजारातून काढली. सीव्हीएसनं २०२२ ते २०२४ या काळात नऊशे दुकानं बंद केली. स्वतंत्र दुकानदारांची तर बातमीही होत नाही.

टीव्हीवर कारणं तीच तीच ऐकू येतात: चोऱ्या, अ‍ॅमेझॉन, ओपिऑइडचे (व्यसन लावणाऱ्या वेदनाशामकांचे) खटले. ही कारणं खोटी नाहीत. पण माझ्या मते मूळ दुखणं पीबीएम आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फार्मसी बेनिफिट मॅनेजर, म्हणजे विमा आणि औषधाचं दुकान यांच्या मधली कंपनी. कुठलं औषध यादीत बसतं, तुम्ही किती भरायचं, दुकानाला किती मिळायचं, हे सगळं तीच ठरवते. केअरमार्क, एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टमआरएक्स या तिघांच्या हातून देशातली जवळजवळ ८० टक्के प्रिस्क्रिप्शन जातात, असं फेडरल ट्रेड कमिशनच्या जुलै २०२४ च्या अहवालात आहे. आणि या तिघांचे मालक अनुक्रमे सीव्हीएस, सिग्ना आणि युनायटेडहेल्थ. म्हणजे विमा त्यांचा, मधली कंपनी त्यांची, घरपोच औषधं पाठवणारी फार्मसी त्यांची, आणि सीव्हीएसच्या बाबतीत तर कोपऱ्यावरचं दुकानही त्यांचंच.

दोन्ही पक्षांचे लोक पीबीएमविरुद्ध बोलतात, विधेयकं येतात, समितीतून पुढे जातात आणि शेवटी गळून पडतात. हे का होतं? इथे फार्मसीत, फार्मा कंपनीत, विम्यात काम करणारे बरेच जण आहेत. आतली माहिती असेल तर सविस्तर लिहा.

शमी_पान

वाचतेय. सध्या खर्चाचं विधेयक अडकून अमेरिकेचं सरकारच बंद आहे, तेव्हा कायदा व्हायला सवड भरपूर आहे :)

गोळीबंद

ओहायोत एका स्वतंत्र दुकानात फार्मसिस्ट आहे. काउंटरच्या मागून जे दिसतं ते सांगते.

डॉक्टरकडून प्रिस्क्रिप्शन येतं. आमची टेक (फार्मसीतली मदतनीस) ते टाइप करून विम्याकडे क्लेम पाठवते. दोन-तीन सेकंदांत स्क्रीनवर उत्तर: पेशंटकडून इतके घ्या, आम्ही इतके देऊ. घासाघीस नाही. करार वर्षातून एकदा येतो आणि तो 'घ्या नाहीतर सोडा' असाच असतो. सोडला तर गावातली निम्मी गिऱ्हाइकं आपोआप दुसरीकडे जातात.

गेल्या आठवड्यात मधुमेहाचं एक ब्रँडेड इंजेक्शन होतं. होलसेलरच्या बिलापेक्षा तीसेक डॉलर कमी, असं उत्तर आलं. पेशंट बाई काउंटरशी उभ्या, त्यांची बाकीची सगळी औषधं आमच्याकडे. मालकांनी मान हलवली, आम्ही दिलं. पुढच्या महिन्यात परत तेच. आसपासच्या काही दुकानांनी ही इंजेक्शनं ठेवणंच बंद केलंय आणि मला त्यांचा राग येत नाही.

जेनेरिकचं गणित वेगळं. तिथे मॅक लिस्ट असते, म्हणजे पीबीएमनं ठरवलेला कमाल दर. होलसेलरकडे भाव चढला तरी यादी जागची हलत नाही. अपील करता येतं. उत्तर बहुतेक वेळा येतं की बाजारात या दरानं माल मिळतो, तिथून घ्या. कुठून, ते सांगत नाहीत.

आणि डीआयआर फी. मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या) औषधांवर ही भानगड २०२३ पर्यंत होती: विक्री झाल्यावर काही महिन्यांनी पीबीएम आधी दिलेल्या पैशातून कपात करायचा. मार्चमध्ये विकलेल्या औषधावर तोटा झाला होता हे जुलैमध्ये कळायचं. जानेवारी २०२४ पासून ती कपात विक्रीच्या वेळीच दाखवायची, असा नियम आला. नियम चांगला, पण त्या पहिल्या काही महिन्यांत जुन्या वर्षाची कपात आणि नव्या वर्षाचे घटलेले दर एकदम अंगावर आले. आमच्या काउंटीतलं एक जुनं दुकान त्यातच गेलं.

तरी ओहायोनं काहीतरी केलं, हे नोंदवायला हवं. २०१८ मध्ये राज्याच्या ऑडिटरनं हिशोब काढला. मेडिकेडमध्ये (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्यात) पीबीएमनी राज्याच्या योजनांकडून घेतलेले पैसे आणि दुकानांना दिलेले पैसे, यातला फरक एका वर्षात २२ कोटी ४८ लाख डॉलर निघाला. त्यानंतर ऑक्टोबर २०२२ पासून राज्यानं मेडिकेडसाठी एकच पीबीएम नेमला, हिशोब उघडा ठेवण्याच्या अटीवर. मेडिकेडचं गिऱ्हाईक आलं की आता आम्हाला धास्ती वाटत नाही. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं.

चिंचपोकळी_फास्ट

गोळीबंद, फार माहितीपूर्ण प्रतिसाद. वेगळा लेखच लिहा ना यावर.

अर्थबोध

गोळीबंद यांच्या अनुभवाबद्दल आदर आहे. पण राइट एडच्या मरणाचं खापर पीबीएमवर फोडणं मला पटत नाही. ही कंपनी पंचवीस वर्षं आजारी होती.

१९९० च्या दशकाच्या शेवटी हिशोबात घोटाळा झाला. संस्थापकाचा मुलगा मार्टिन ग्रास, तेव्हाचा सीईओ, २००४ मध्ये त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. त्यातून सावरते न सावरते तोच २००७ मध्ये ब्रुक्स आणि एकर्ड ही दुकानं घेतली, साडेतीन अब्ज डॉलरच्या आसपास, बरंचसं कर्जावर. लगेच २००८ ची मंदी. २०१५ मध्ये वॉलग्रीन्सशी विलीनीकरण ठरलं, २०१७ मध्ये मोडलं, आणि जवळजवळ दोन हजार दुकानं वॉलग्रीन्सला विकून टाकावी लागली. २०१८ मध्ये अल्बर्टसन्सबरोबरचंही मोडलं. राहिलेला आकार असा की मोठ्यांशी भाव करायला लहान आणि चपळपणे धंदा बदलायला मोठा.

आता गंमत बघा. राइट एडकडे स्वतःचा पीबीएम होता! २०१५ मध्ये एन्व्हिजनआरएक्स दोन अब्ज डॉलरला घेतला, पुढे त्याचं नाव एलिक्सर झालं, आणि दिवाळखोरीत तो ५७ कोटी ५० लाखांना गेला. पीबीएम म्हणजे नोटा छापायचं यंत्र असेल तर राइट एड का बुडलं?

वॉलग्रीन्सचंही तेच. व्हिलेजएमडी या दवाखान्यांच्या साखळीत अब्जावधी घातले आणि २०२४ मध्ये त्यातले जवळजवळ सहा अब्ज बुडीत दाखवले. ते कुठल्या पीबीएमनं करायला सांगितलं नव्हतं. चोऱ्यांचंही बघा: जानेवारी २०२३ मध्ये त्यांच्याच वित्त प्रमुखानं विश्लेषकांसमोर कबूल केलं की आम्ही कदाचित जरा जास्तच रडलो.

रॅरिटनकाठ

अर्थबोध, कर्जाचा मुद्दा मान्य. पण एलिक्सरवरून माझाच मुद्दा पक्का होतो. लहान पीबीएमला या धंद्यात जागा नाही, कारण औषध कंपन्या सूट देतात ती ज्याच्याकडे जास्त माणसं बांधलेली आहेत त्याला. त्या बाजारात तिघांनाच नोटा छापता येतात.

आणि कर्जाचं कारण धरलं तर ज्यांनी एक पैसा कर्ज काढलं नाही, विलीनीकरणाच्या भानगडीत पडले नाहीत, अशी एकेका कुटुंबाची दुकानं का बंद होताहेत?

पेठेतला_केमिस्ट

पुण्यात दुकान आहे, वडिलांपासून. हा धागा वाचून डोकं गरगरलं. म्हणजे माल विकताना तुम्हाला माहीतच नाही की नफा किती होणार? अहो, इथे पाकिटावर एमआरपी छापलेली असते. नियंत्रित औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के, असं २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशातच आहे; घाऊक विक्रेत्याला साधारण ८ टक्के. बाकीच्या औषधांवर साधारण २० आणि १०. वर कंपनीची स्कीम आली, दहावर एक, तर ती वेगळी. एक्स्पायरीचा माल स्टॉकिस्ट परत घेतो, कधी कुरकुरत, पण घेतो.

आमच्याही तक्रारी आहेत. ऑनलाइनवाले २०-२५ टक्के सूट देतात, त्यात आमचा सगळा नफा जातो. संघटनेनं त्यासाठी देशभर बंद पाळले आहेत. पण विकून तोटा, हे आम्ही फक्त उधारीत बघितलंय.

शमी_पान

पेठेतला_केमिस्ट, दुकान दुपारी एक ते चार उघडं असतं का, एवढं सांगा.

पेठेतला_केमिस्ट

औषधाचं दुकान आहे ताई, उघडंच असतं. :) मी घरी असतो, मुलगा बसतो.

सस्क्वेहॅना_वहिनी

आम्ही मध्य पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावात राहतो. राइट एड गेल्यावर सगळ्यात जवळची फार्मसी गाडीनं अर्ध्या तासावर. मला ते जमतं. आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत, गाडी चालवणं सोडलंय. त्यांची रक्त पातळ करायची गोळी आहे. पोस्टानं मागवा म्हणतात. दोन दिवस उशीर झाला की त्या मला फोन करतात आणि मी कामावरून सुटल्यावर निघते.

दुकानातली फार्मसिस्ट त्यांना नावानं ओळखायची. नवीन औषध लिहून दिलं की 'हे त्या जुन्या गोळीबरोबर चालणार नाही, मी डॉक्टरांना फोन करते' म्हणायची. ते काम आता कोण करणार? मला यातलं अर्थशास्त्र कळत नाही, पण हे कुठल्या तक्त्यात मोजतात का?

पोटोमॅकतीर

वहिनी, थोडंफार मोजतात. गेल्या डिसेंबरमध्ये हेल्थ अफेअर्समध्ये एक अभ्यास आला होता: २०१० ते २०२१ या काळात चालू असलेल्या किरकोळ फार्मसींपैकी जवळजवळ तीनातली एक बंद झाली. स्वतंत्र दुकानं जास्त बंद पडली, आणि कृष्णवर्णीय व लॅटिनो वस्त्यांत प्रमाण जास्त.

आता धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मी वॉशिंग्टनजवळ राहतो, आरोग्य धोरणाचं वाचणं हे माझं रोजचं काम आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये पीबीएमचा कायदा झालाच होता, असं म्हणायला हरकत नाही. दोन्ही पक्षांच्या नेत्यांनी मिळून सरकार चालू ठेवायचं विधेयक बनवलं, पंधराशेवर पानांचं. त्यात पीबीएमचं प्रकरण होतं. मेडिकेडमध्ये मधल्या मधे फरक खायला बंदी. मेडिकेअरमध्ये पीबीएमची कमाई औषधाच्या छापील किमतीपासून तोडायची, म्हणजे महाग औषध पुढे करण्यात त्याला रस उरणार नाही. आणि कंपन्यांच्या विमा योजनांत मिळालेली सूट पुरती योजनेला द्यायची. वर्षानुवर्षं समित्यांत घासून तयार झालेला मजकूर होता.

१८ डिसेंबरला इलॉन मस्क दिवसभर एक्सवर त्या विधेयकाविरुद्ध लिहीत राहिले. संध्याकाळपर्यंत ट्रम्प आणि व्हॅन्स यांचंही निवेदन आलं. विधेयक मेलं. दोन दिवसांनी जे मंजूर झालं ते ११८ पानांचं, त्यात पीबीएमचा शब्द नाही. कुणीही उभं राहून 'मी पीबीएमच्या बाजूचा आहे' असं म्हटलं नाही. पानं कमी करायची होती, त्यात हेही गेलं.

या वर्षी परत तेच झालं. मोठ्या कर विधेयकाच्या हाउसमधल्या (प्रतिनिधिगृहातल्या) मसुद्यात पीबीएमची तरतूद होती, जुलैमध्ये सही झालेल्या कायद्यात ती नाही.

माझ्या मते उत्तर इथे आहे. हा विषय कुणाच्याच यादीत पहिला नसतो. तो नेहमी दुसऱ्या कुठल्यातरी अवजड विधेयकाला बांधून पाठवतात, आणि ते विधेयक अडकलं की सगळ्यात आधी हाच कापला जातो. वेगळं, लहान, फक्त याच विषयाचं विधेयक मताला आणा म्हटलं की सिनेटला वेळ नसतो. मला याचा खरोखर संताप येतो, कारण मतं असूनही काम होत नाही.

चिंचपोकळी_फास्ट

+१. शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

बे_एरियातला_बाळू

ट्रम्प आल्यापासून हे असंच चाललंय. २०२६ च्या निवडणुकीत

संपादक_मंडळ

वरच्या प्रतिसादाचा पुढचा भाग आणि त्यावरची चार उत्तरं काढली आहेत. ट्रम्प, बायडेन यांच्यासाठी वेगळे धागे आहेत. इथे औषधांची दुकानं आणि त्यासंबंधीचे कायदे यावरच लिहा.

शार्लटकर

मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत कर्मचाऱ्यांच्या विम्याचं काम बघते. पीबीएमला आम्ही नेमतो. त्याचं गिऱ्हाईक पेशंट नाही, दुकान तर नाहीच. गिऱ्हाईक आम्ही. दरवर्षी टेबलावर कागद येतो: इतक्या लाखांची सूट तुमच्या योजनेला परत देऊ. ती रक्कम आम्ही प्रीमियम आटोक्यात ठेवायला वापरतो. उद्या ही व्यवस्था मोडली आणि प्रीमियम वाढला, तर कर्मचारी आमच्यावर ओरडणार, काँग्रेसवर नाही.

पीबीएमवाले म्हणतात की किंमत औषध कंपनी ठरवते, आम्ही ती कमी करून आणतो. यात तथ्य आहे. एकेकट्या कंपनीला फायझर किंवा लिलीशी बोलून काय मिळणार?

खटकतं ते दुसरंच. सुटीचा पूर्ण हिशोब आम्हालाही बघता येत नाही. ऑडिट करायचं तर कोणत्या ऑडिटरकडून, किती क्लेम बघायचे, हे करारातच बांधलेलं असतं. पैसे आमचे, आणि हिशोब बघायला परवानगी त्यांची.

आणि ज्याचा डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम) अजून भरलेला नाही तो छापील किमतीवर पैसे भरतो, सूट मात्र मागून योजनेला मिळते. म्हणजे जास्त आजारी माणूस बाकीच्यांचा प्रीमियम भरतो. हे मी वरच्यांना सांगून बघितलं आहे.

अर्थबोध

शार्लटकर, नेमका मुद्दा. मध्यस्थ काढला की स्वस्ताई येते हा भ्रम आहे. मध्यस्थ काहीतरी काम करत असतो.

रॅरिटनकाठ

काम करतो, मान्य. पण बाजार समितीतल्या अडत्याचं स्वतःचंच दुकान असेल, आणि शेजारच्या दुकानदाराला कुठल्या भावानं पैसे मिळणार हेही तोच ठरवत असेल, तर त्या शेजाऱ्याचं काय होणार? ट्रेड कमिशनच्या या जानेवारीतल्या दुसऱ्या अहवालात हेच आहे. कॅन्सर वगैरेंच्या खास जेनेरिक औषधांवर या तिघांच्या स्वतःच्या फार्मसींनी २०१७ ते २०२२ मध्ये खरेदी किमतीच्या वर ७.३ अब्ज डॉलर मिळवले. आपल्याच दुकानाला जास्त पैसे द्यायचे आणि दुसऱ्याला कमी.

ओझार्क_मंदार

मग आर्कान्सॉबद्दल कुणी बोलत का नाही? मी बेंटनव्हिलला राहतो. आमच्या राज्यानं थेट मुळावरच घाव घातला. एप्रिलमध्ये राज्यपाल सारा हकबी सँडर्स यांनी अ‍ॅक्ट ६२४ वर सही केली: पीबीएमच्या मालकीची फार्मसी राज्यात चालवायची नाही, १ जानेवारी २०२६ पासून. देशातला असा पहिला कायदा. सीव्हीएसची राज्यात २३ दुकानं आहेत, ती बंद करावी लागतील असं त्यांनी सांगितलं. सीव्हीएस आणि एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स कोर्टात गेले, आणि जुलैच्या शेवटी फेडरल न्यायाधीशांनी कायद्याला तात्पुरती स्थगिती दिली. राज्याबाहेरच्या कंपन्यांशी भेदभाव होतो, आणि सैनिकांच्या ट्रायकेअर योजनेच्या नियमांशी टक्कर होते, ही कारणं. राज्य अपिलात गेलंय.

आर्कान्सॉनं आधी एकदा सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन जिंकलेलं आहे. डिसेंबर २०२० मधला रटलेज खटला, आठ विरुद्ध शून्य. दुकानाला खरेदी किमतीपेक्षा कमी पैसे देऊ नका, असं सांगायचा राज्याला अधिकार आहे, हे तेव्हा ठरलं. म्हणून मी आशा सोडलेली नाही.

सस्क्वेहॅना_वहिनी

पण मंदार, ती २३ दुकानं बंद झाली तर तिथल्या म्हाताऱ्या माणसांचं काय? आमच्याकडे झालं तेच ना? कायदा करून दुकान बंद करायचं, म्हणजे दुकान वाचवणं कसं?

ओझार्क_मंदार

वहिनी, कायद्यात दुकान बंद करायला सांगितलेलं नाही. पीबीएम तरी विका किंवा दुकान तरी विका, एवढंच आहे. पण तुमची काळजी खरी आहे. आमच्या इथल्या सीव्हीएसवर अवलंबून असलेले लोक घाबरलेत, हे मी रोज ऐकतो. सिनेटमध्ये डेमोक्रॅट एलिझाबेथ वॉरेन आणि रिपब्लिकन जॉश हॉली यांनी गेल्या डिसेंबरात आणलेल्या विधेयकात असंच आहे, पण विकायला तीन वर्षं दिली आहेत. ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

चिंचपोकळी_फास्ट

वॉरेन आणि हॉली एका विधेयकावर! यांना एकत्र आणलं म्हणून तरी पीबीएमचे आभार माना.

वेर्णे_शिफ्ट_बी

गोव्याहून. औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही. तुमच्या अमेरिकन काउंटरवर जी जेनेरिक गोळी येते तिची बॅच मी सोडलेली असू शकते. अमेरिकेत दहातली नऊ प्रिस्क्रिप्शन जेनेरिकची, आणि त्यात भारताचा वाटा मोठा, म्हणून लिहितो.

आम्हाला पीबीएम दिसत नाही. आम्हाला दिसतात तीन खरेदीदार गट. एक सीव्हीएस आणि कार्डिनलचा, एक वॉलमार्ट आणि मॅकेसनचा, एक वॉलग्रीन्स आणि सेनकोराचा. जेनेरिकची बहुतेक खरेदी यांच्यातूनच होते. एकानं टेंडरमध्ये आम्हाला वगळलं की एका मोलेक्यूलची, म्हणजे एका औषधाची, लाइन थांबते. दर दरवर्षी खाली. मग काही औषधं परवडत नाहीत म्हणून कंपन्या बनवणं सोडतात, आणि तिकडे तुटवड्याच्या बातम्या येतात.

म्हणजे गोळीबंदताईंना कमी पैसे मिळतात आणि आम्हालाही. मग पेशंटला स्वस्त का मिळत नाही, हा प्रश्न आमच्या कँटीनमध्येही असतो.

गेल्या महिन्यात १०० टक्के टॅरिफची घोषणा आली तेव्हा इथे दोन दिवस सगळे गप्प होते. नंतर कळलं की ते ब्रँडेड आणि पेटंटवाल्या औषधांपुरतं, जेनेरिक त्यात नाही. पण पुढचं कुणी सांगावं.

बे_एरियातला_बाळू

टूथपेस्ट कुलपात का असते, हे कुणी सांगेल का? आमच्या इथे बटण दाबून माणूस येईपर्यंत मी घरी जाऊन फोनवरून मागवतो. अर्थबोध यांच्या म्हणण्याप्रमाणे चोऱ्या एवढ्या नव्हत्या, मग कुलपं कशाला?

अर्थबोध

चोऱ्या नव्हत्या असं मी म्हटलं नाही. काही शहरांत होत्या आणि आहेत. पण कुलूप लावल्यावर विक्री घटते, हे तुमच्याच उदाहरणातून दिसतं. पुढच्या भागातला शांपू, चॉकलेट, भेटकार्डं यांवर ही दुकानं मागच्या भागातला तोटा भरून काढायची. तो पुढचा भाग वॉलमार्ट, डॉलर जनरल आणि अ‍ॅमेझॉननं नेला.

'मागच्या भागातला तोटा' हे माझ्याच तोंडून आलं, तेव्हा रॅरिटनकाठ यांना एवढं देतो: औषधावर पुरेसा पैसा सुटला असता तर शांपू गेल्यानं दुकान बुडालं नसतं. पण कर्ज नसतं तरी ते तगलं असतं.

रॅरिटनकाठ

मग आपण बरेच जवळ आलो. एक भर घालतो: सिकॅमोरनं घेण्याआधी वॉलग्रीन्सचे सीईओ होते टिम वेंटवर्थ. त्याआधी ते एक्स्प्रेस स्क्रिप्ट्सचे सीईओ होते. पीबीएम आतून चालवलेल्या माणसालाही दुकानाच्या बाजूनं बसून दर वाढवून घेता येईनात. २०२४ मध्ये त्यांनीच सांगितलं की साधारण पाऊण दुकानं नफ्यात आहेत, उरलेली पाव नाहीत.

नाशिककर_आई

मी वाचनमात्र असते. मुलाकडे डॅलसला सहा महिन्यांसाठी आलेय. रक्तदाबाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या नाशिकहून पुरेशा आणल्या होत्या, पण मुक्काम लांबतोय आणि माझ्या प्रवासी विम्यात जुन्या आजाराची औषधं बसत नाहीत. सुनेनं इथल्या डॉक्टरकडून लिहून घेतलंय. दुकानात जाऊन नक्की काय म्हणायचं?

गोळीबंद

काकू, तुमची काळजी समजते, पण ही दोन्ही औषधं जेनेरिकमध्ये मिळतात आणि विम्याशिवायही फार महाग नसतात. सुनेला सांगा:

काउंटरवर 'विमा लावू नका, रोख किती पडेल?' असं विचारायचं. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम घेतल्या तर किती, तेही विचारायचं. एका दुकानात चाळीस आणि रस्त्यापलीकडच्या दुकानात बारा, असं सहज होतं, म्हणून दोन-तीन ठिकाणी फोन करायचा. किराणा दुकानातली फार्मसी आणि कॉस्टकोची फार्मसी नक्की विचारा, कॉस्टकोच्या फार्मसीला सभासदत्व लागत नाही. घाई नसेल तर उद्योगपती मार्क क्युबनची कॉस्ट प्लस ही ऑनलाइन फार्मसी आहे: खरेदी किंमत, त्यावर १५ टक्के, फार्मसीची ५ डॉलर मजुरी आणि टपालखर्च, सगळं उघड लिहिलेलं. थायरॉइडच्या गोळीचे मायक्रोग्रॅम नाशिकच्या पट्टीवर आहेत तेच आहेत ना, हे फार्मसिस्टला पट्टी दाखवून तपासून घ्या. मोकळी पट्टी टाकून देऊ नका.

आणि हे विमा असलेल्या सगळ्यांसाठीही आहे. पूर्वी कित्येक करारांत कलम असायचं की रोखीनं स्वस्त पडत असलं तरी फार्मसिस्टनं स्वतःहून सांगायचं नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये दोन कायदे झाले आणि ते कलम बेकायदेशीर ठरलं. दोन्ही पक्षांनी जवळजवळ एकमतानं केले, आणि तेही स्वतंत्र लहान विधेयकं म्हणून. पोटोमॅकतीर म्हणतात तसं.

पण कायद्यानं आम्हाला सांगायची मोकळीक दिली, सांगायची सक्ती नाही. रांग लागलेली असते, टेक एकटी असते, तेव्हा विचारल्याशिवाय कुणी सांगेलच असं नाही. म्हणून दर वेळी विचारा.

पोटोमॅकतीर

२०१८ चं उदाहरण अगदी योग्य वेळी आठवलंत. मी माझ्या दोन्ही सिनेटरांच्या ऑफिसला लिहितो तेव्हा आता हेच लिहीन: पीबीएमच्या तरतुदी खर्चाच्या विधेयकातून सोडवून वेगळ्या मताला आणा. कुणाला मजकूर हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मराठीत नाही, इंग्रजीत पाठवतो.

सस्क्वेहॅना_वहिनी

मला पाठवा. शेजारच्या आजींचीही सही घेते, त्या या राज्यात साठ वर्षं मत देताहेत. आणि गोळीबंद, राइट एडकडची त्यांची फाइल दुसऱ्या साखळीकडे गेलीय, पण तिथे फक्त तीन औषधं दिसताहेत, पाच होती. काय करू?

गोळीबंद

ज्यांचे रिफिल संपले होते किंवा मुदत गेली होती ती बहुतेक पुढे गेली नसतील. आजींच्या डॉक्टरांच्या ऑफिसला उद्या सकाळी फोन करून त्या दोन्हीची नवी ई-प्रिस्क्रिप्शन नव्या दुकानाला पाठवायला सांगा. रक्त पातळ करायची गोळी त्या दोघांत असेल तर आजच, ऑफिस बंद असलं तरी त्यांच्या ऑन-कॉल नंबरवर. घरात किती दिवसांच्या उरल्यात ते आधी मोजा.